प्लॅस्टिकचं गांडूळ हुकात ओवताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात धरणांचं पाणी उतरलं की नाशिकमधली मासेमारीत नवी असलेली पोरं मला एकसारखेच फोटो पाठवतात. हुकात ओवलेलं प्लॅस्टिकचं गांडूळ, मधे कुबड आलेलं, आणि खाली प्रश्न: "दादा, मरळ का घेत नाही?" उत्तर त्या फोटोतच असतं. गांडूळ सरळ नाही.

ही विद्या मुळात अमेरिकेतल्या बास माशासाठीची. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ तयार केलं. पुढे टेक्सासमधल्या बुडालेल्या झाडांच्या तलावांत हुकाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायची रीत रुळली. तीच टेक्सास रिग; रिग म्हणजे लाईनवर हुक, वजन आणि गांडूळ जोडायची पद्धत. आपल्याकडे बास नाही. पण दारणा धरणाच्या फुगवट्यात बुडालेली खोडं आहेत, पाणगवत आहे आणि त्याच्या आडोशाला दबा धरून बसलेली मरळ आहे. म्हणून ही रिग इथे चालते, पण नीट ओवली तरच.

वाकडं गांडूळ

खरं गांडूळ पाण्यात भोवऱ्यासारखं फिरत नाही. वाकडं ओवलेलं फिरतं, आणि प्रत्येक फेकीला लाईनला पीळ बसत जातो. मासा बिचकतो हे एक, आणि तासाभरात रीलवरची लाईन वेटोळी होऊन सुटायला लागते हे दुसरं.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि माझा मावसभाऊ पहाटे दारणेवर गेलो होतो. काठावर वेळ जायला नको म्हणून त्याने आदल्या रात्रीच नऊ गांडुळं हुकात ओवून एका डबीत दाबून भरली होती. सकाळी डबी उघडली तर नऊच्या नऊ गांडुळांनी डबीचा बाक घेतलेला. मऊ प्लॅस्टिक जसं ठेवाल तसा आकार धरतं, त्यात मेचा उकाडा. मी म्हटलं, "काढ सगळी, पुन्हा ओवू." तो म्हणाला, "दादा, पाण्यात गेल्यावर होईल ना सरळ." मी गप्प बसलो, आणि ती चूक माझी. आठच्या सुमारास एका बुडालेल्या खोडाजवळ त्याला मरळ लागली. रॉड पार वाकला, मरळीने खोडाकडे धाव घेतली आणि सुटणाऱ्या लाईनचं वेटोळं रॉडच्या पहिल्या कडीत अडकलं. लाईन तुटली. मासा हुक तोंडात घेऊन गेला. मासा हातचा गेल्यापेक्षा तो हुक घेऊन गेला याचं मला जास्त वाईट वाटलं, अजून वाटतं.

तेव्हापासून मी काठावरच ओवतो, एका वेळी एकच. हुक ऑफसेट, म्हणजे मानेला खाच असलेला. ६ इंची गांडुळाला ३/० नंबरचा. टोक गांडुळाच्या डोक्यात अर्धा सेंटिमीटरभर घालून बाजूने बाहेर काढतो, हुक खाली ओढून खाच डोक्यात बसवतो आणि अर्धा फिरवतो. मग टोक खुपसायच्या आधी गांडूळ हुकाशेजारी लोंबतं सोडतो, हुकाचा बाक जिथे येतो तिथे गांडुळावर नखाने खूण करतो आणि तिथूनच टोक आरपार नेतो. खूण न करता अंदाजाने खुपसणाऱ्यांचंच गांडूळ कुबडं होतं. शेवटी टोक पाठीच्या कातडीत किंचित रुतवून ठेवतो, म्हणजे ते गवतात अडकत नाही आणि हिसका दिला की लगेच बाहेर येतं. फेकण्याआधी पायापाशी पाण्यात एकदा ओढून बघायचं. फिरलं तर पुन्हा ओवायचं, पण त्याच भोकातून नाही. डोक्याचा फाटलेला भाग कापून नव्या जागी. बाक आलेली गांडुळं टाकून देऊ नका, गरम पाण्यात सोडा आणि सपाट ताटात सरळ ठेवून गार होऊ द्या.

सगळीकडे एकच रिग

टेक्सास जमली की लोक तीच सगळीकडे टाकतात, किंवा उलट, दर दहा मिनिटांनी रिग बदलतात. आधी तळ काय आहे ते बघा. खोडं आणि गवत असेल तर टेक्सासच, आणि शिसं, म्हणजे लाईनवरचं वजन, ५ ते ७ ग्रॅम पुरे. लांब जावं म्हणून १५ ग्रॅम लावणाऱ्यांचं गांडूळ दगडासारखं खाली जातं. मासा बहुतेक वेळा ते खाली तरंगत येतानाच घेतो. मोकळा, खडकाळ उतार असेल तर कॅरोलिना: जड शिसं पुढे, मग मणी, स्विव्हल (पीळ न बसू देणारी फिरती कडी) आणि त्यामागे अर्धा ते एक मीटर लीडरवर, म्हणजे लाईनच्या वेगळ्या तुकड्यावर, मोकळं गांडूळ. खोडांत मात्र ही हमखास अडकते. गाळाच्या तळावर ड्रॉप शॉट, शिसं खाली आणि हुक त्याच्या फूट-दीड फूट वर. काठावरून फार लांब फेकलीत तर लाईन आडवी होते आणि ती उंची उरत नाही. वॅकी, म्हणजे मधोमध हुक, नितळ पाण्यात सुरेख थरथरते, पण मरळीचे दात एका चाव्यात गांडुळाचे दोन तुकडे करतात. बाससाठी ठीक, मरळीसाठी मी वापरत नाही.

घाईचा हिसका

टोच जाणवली की नवखा लगेच रॉड वर खेचतो. मरळ पुष्कळदा शेपटाला धरते, मग हातात येतं अर्धं गांडूळ. मी रॉडचं टोक पाण्याकडे झुकवतो, ढिली लाईन गुंडाळतो, माशाचं वजन हाताला लागलं की मग जोरात. मरळीचा जबडा कडक असतो, अर्धवट हिसक्याने हुक रुतत नाही. दोन सेकंद थांबायला शिकायला मला एक पूर्ण हंगाम लागला. तो मधला काळ व्हिडिओ बघून टळत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. गाठ थुंकी न लावता आवळू नका. टेक्सास रिगला स्नॅप (हुक झटकन बदलायची उघडझाप कडी) लावू नका, लाईन थेट हुकाला बांधा. ताणलं तरी न तुटणारं नव्या जातीचं प्लॅस्टिक साध्या गांडुळांच्या पाकिटात ठेवलंत तर दोन्ही विरघळून चिकटतात. ज्याचं त्याच्या पाकिटातच राहू द्या, आणि पाकिटं गाडीच्या डिकीत नकोत. फाटलेले तुकडे पाण्यात टाकू नका, मासा ते गिळतो आणि ते पचत नाहीत. धरणातली मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते, तेव्हा बसण्याआधी तिथल्या संस्थेला विचारा. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य आहे, तिकडे रॉड नेऊच नका.

आणि पावसाळा लागला की पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा पुंजका दिसतो. त्याच्या खाली राखण करणारी मरळ हमखास असते आणि गांडुळावर रागाने तुटून पडते, म्हणून लोक मुद्दाम तिथेच फेकतात. तिला काढलं तर ती पिल्लं तासाभरात दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. पुंजका दिसला की मी लाईन गुंडाळून दुसऱ्या काठाला जातो.