उद्दिष्ट, अध्यापन आणि परीक्षा यांचा मेळ कसा घालावा

वैद्यकीय किंवा परिचर्या अभ्यासक्रमातील एखादा घटक आखताना उद्दिष्ट, शिकवण्याची पद्धत आणि परीक्षा या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडाव्यात. शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये मांडलेला हा विचार आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला लागू झालेल्या क्षमताधिष्ठित (विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर आधारलेल्या) अभ्यासक्रमातही गृहीत धरलेला आहे; तरीही प्रत्यक्षात उद्दिष्टे फाइलमध्ये राहतात आणि विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका पाहूनच अभ्यास करतात.

बालरोग विभागातील ओआरएसचे उदाहरण घेऊ. ‘विद्यार्थ्याला ओआरएसची माहिती असावी’ हे उद्दिष्ट तपासता येत नाही. त्याऐवजी ‘अतिसार झालेल्या बाळाच्या आईसमोर विद्यार्थी द्रावण तयार करून दाखवेल, तिच्याकडून ते करवून घेईल आणि धोक्याची लक्षणे सांगेल’ असे लिहावे. हे लिहिल्याबरोबर लक्षात येते की ‘ओआरएसवर टीप लिहा’ हा प्रश्न या उद्दिष्टाला पुरत नाही, कारण एक लिटर द्रावणात सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम आणि ग्लुकोज १३.५ ग्रॅम असे बिनचूक लिहिणारा विद्यार्थी घरात एक लिटरचे माप कोणते आहे हे आईला विचारेलच असे नाही.

म्हणून वेळापत्रकाआधी परीक्षा ठरवावी. ओस्कीच्या (वेगवेगळ्या केंद्रांवर प्रत्यक्ष कौशल्य तपासणाऱ्या परीक्षेच्या) एका केंद्रावर पाकीट, भांडे, पाणी आणि आईची भूमिका करणारी व्यक्ती ठेवावी. हात धुणे, पाकिटावरील मजकूर वाचणे (बाजारात २०० मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात), पूर्ण पाकीट योग्य मापाच्या पाण्यात एकदम घालणे, द्रावण २४ तासांत संपवायला सांगणे, उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याने हळूहळू पाजायला सांगणे आणि शेवटी आईकडून सारे वदवून घेणे, या प्रत्येक कृतीला परीक्षकाच्या तपासणी यादीत गुण असावेत. पाण्याचे माप चुकवणाऱ्याला इतर गुणांच्या बळावर उत्तीर्ण करू नये, असे माझे मत आहे.

अध्यापन यातून आपोआप ठरते. व्याख्यानाला थोडा वेळ पुरतो. उरलेला वेळ प्रात्यक्षिक दाखवणे, निरीक्षण, साहाय्य आणि स्वतः करणे या क्रमाने वॉर्डात द्यावा. लॉगबुकवरील (विद्यार्थ्याने केलेल्या कामांच्या नोंदवहीवरील) सही म्हणजे कौशल्य नव्हे, विशेषतः त्या सह्या सत्राच्या शेवटी एकगठ्ठा झाल्या असतील तर. लेखी परीक्षा टाकाऊ ठरत नाही, पण तिथे ‘एक लिटरचे पाकीट अर्ध्या लिटर पाण्यात घातल्यास बाळाला कोणता धोका संभवतो व का?’ असा प्रश्न विचारावा.

निकालानंतर कृतीनिहाय गुण पाहावेत. बहुतेकांचे गुण एकाच कृतीवर गेले असतील, तर तिचा सराव खरोखर झाला होता का हे आधी तपासावे. झाला असेल, तर तपासणी यादीतील त्या वाक्याचा दोन परीक्षकांनी वेगवेगळा अर्थ लावला का, हे पाहावे.