२० पैकी १४ म्हणजे किती?

दोन देशांतल्या विद्यापीठांची मिळून पदवी उभी करायचं काम अंगावर आलं, की माणूस आधी कराराचा मसुदा शोधायला लागतो. मीही तेच केलं. सामंजस्य करार झाला, सह्या झाल्या, कुलगुरूंचे फोटो निघाले आणि मोठं काम उरकलं असं वाटलं. प्रत्यक्षात त्या दिवशी काहीच उरकलेलं नव्हतं.

संयुक्त पदवी म्हणजे सगळ्या विद्यापीठांचं मिळून एकच प्रमाणपत्र, दुहेरी म्हणजे प्रत्येकाचं आपापलं वेगळं. फक्त एवढं लक्षात ठेवा, की यातली कुठली द्यायची हे प्राध्यापकांच्या उत्साहावर नाही, त्या त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. आपल्या प्रमाणपत्रावर परक्या विद्यापीठाचं नाव आणि सही चालते का, हे पहिल्याच आठवड्यात विचारा आणि उत्तर लेखी घ्या. २०१५ साली आर्मेनियातल्या येरेवानला झालेल्या युरोपीय उच्च शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत संयुक्त अभ्यासक्रमाच्या दर्जाचं एकच मूल्यांकन पुरेल अशी पद्धत मान्य झाली, पण तीही जिथला कायदा आड येत नाही तिथेच चालते. बरेच जण शेवटी दुहेरी पदवीवर येतात. त्यात कमीपणा काही नाही.

श्रेयांकांना, म्हणजे क्रेडिट्सना, घाबरू नका. युरोपीय पद्धतीत वर्षाचे ६०, ब्रिटिश पद्धतीत १२०. भागिले दोन, झालं. एका युरोपीय श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात, त्यावरून बैठकीत तासभर वाद होईल. होऊ द्या, तो वाद निरुपद्रवी असतो.

मी अडकले गुणांमध्ये.

आमचा तीन विद्यापीठांचा गट. एकाकडे फ्रेंच पद्धतीचे २० पैकी गुण, दुसऱ्याकडे जर्मन पद्धतीची १ ते ५ श्रेणी (१ सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास), आणि आमच्याकडे शंभरपैकी. कराराच्या परिशिष्टात गुण रूपांतराचा तक्ता लागत होता. मी तो एका दुपारी स्प्रेडशीटमध्ये बसवला. सूत्र तयारच होतं, सगळे वापरतात ते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तिन्हीकडच्या लोकांनी तक्ता पाहिला, माना डोलावल्या. कुणी एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला त्याचा आनंद झाला. आता कुणी प्रश्न विचारला नाही की मला धडकी भरते.

दोन वर्षांनी एका विद्यार्थिनीची मेल आली. तिचे २० पैकी १४. सूत्रात घालून बघा: २० वजा १४ म्हणजे ६, भागिले १०, गुणिले ३, अधिक १. उत्तर २.८. जर्मन श्रेणीत २.६ ते ३.५ म्हणजे ‘समाधानकारक’. आणि फ्रेंच पद्धतीत १४ म्हणजे काय? तिथे १० ला पास, १२ पासून बरं, १४ पासून ‘चांगलं’, १६ पासून ‘फार चांगलं’. १८ मिळवणारा विरळाच. ती तिच्या तुकडीत तिसरी होती. आमच्या तक्त्याने तिला घसरवत मधल्या गर्दीत नेऊन ठेवलं. पीएचडीची जी जागा तिला हवी होती, तिथे किमान २.५ मागितले होते.

गणित बरोबर होतं, म्हणूनच चूक कुणाला दिसली नाही. सूत्र असं धरून चालतं, की पास होण्यापासून कमाल गुणांपर्यंतची प्रत्येक पायरी सगळीकडे सारख्याच संख्येने माणसं चढतात. तसं कुठेच नसतं. कुठे वरच्या चार पायऱ्या जवळजवळ रिकाम्या असतात, कुठे निम्मा वर्ग वरच्या दोन पायऱ्यांवर बसलेला असतो. आकड्याचं रूपांतर करायचं नाही, त्या आकड्याच्या वर किती जण आहेत ते बघायचं. युरोपीय श्रेयांक पद्धतीची मार्गदर्शिका हेच सांगते: उत्तीर्ण झालेल्यांत कुठला गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाला याचा किमान दोन वर्षांचा तक्ता प्रत्येकाने काढायचा आणि तक्त्याला तक्ता लावायचा. जुन्या करारांत तुम्हाला ए ते ई अशी अक्षरांची श्रेणी सापडेल, ती उचलू नका. ती २००९ च्या मार्गदर्शिकेपासूनच मागे पडली आहे.

हा तक्ता काढताना आणखी एक खड्डा आहे. तुमच्या अभ्यासक्रमात बाराच विद्यार्थी असतील, तर त्या बारांवरून टक्केवारी काढू नका. एक हुशार मुलगा आला की तक्ता हलतो. त्याच शाखेतले, त्याच पातळीचे बाकीचे अभ्यासक्रम एकत्र घ्या. शिवाय कुठला तक्ता कुठल्या तुकडीला लागू, हे परिशिष्टात तारखेसकट लिहा. नाहीतर मधेच तक्ता बदलतो आणि एकाच बाकावरच्या दोघांना दोन न्याय मिळतात. आणि गुणपत्रिकेवर मूळ गुण छापाच. रूपांतरित गुण शेजारी असू देत, मूळ गुणांच्या जागी नकोत.

आमच्या पहिल्या तुकडीच्या गुणपत्रिका निघून गेल्या होत्या, त्या मागे घेता आल्या नाहीत. डिप्लोमा सप्लिमेंटमध्ये, म्हणजे पदवीसोबत द्यायच्या माहितीपत्रकात, ४.४ हा रकाना असतो, श्रेणीपद्धतीचा. आमचा रिकामाच जात होता. तिथे गुणांच्या वाटपाचा तक्ता घालून नवी प्रत सगळ्यांना पाठवली. त्या मुलीची ती जागा तोवर भरली होती. पुढच्या वर्षी दुसरीकडे झालं तिचं, पण वर्ष गेलं ते गेलंच.

तुम्हाला कुणीतरी अनुभवी माणूस सांगेल, ‘माझ्याकडे तयार करार आहे, नावं बदल आणि पाठव.’ घ्या, वाचा, पण पाठवू नका. तयार मसुद्यात नेमकं परिशिष्टच दुसऱ्याचं असतं. मार्गदर्शक म्हणून आंतरराष्ट्रीय परिषदांत भाषणं देणारे गाठण्यापेक्षा परीक्षा विभागातला पंधरा वर्षं गुणपत्रिका तपासणारा माणूस गाठा. आमच्या विभागातल्या बाईंनी तो तक्ता पाहिल्यावर दोन मिनिटांत विचारलं होतं, ‘त्यांच्याकडे १४ म्हणजे हुशार की साधारण?’ फक्त मी त्यांना तो दाखवला होता दोन वर्षं उशिरा.

बाकी अडचणी येतात तशा सुटतात. उत्तर गोलार्धातला भागीदार सप्टेंबरात सुरू करतो, दक्षिणेतला फेब्रुवारीत, त्यातून वाट निघते. व्हिसाला उशीर होतो, पहिले दोन आठवडे ऑनलाइन घेता येतात. एखादा भागीदार मधेच बाहेर पडला तर आत असलेल्या विद्यार्थ्यांची पदवी कोण पूर्ण करणार, हे मात्र करारात असू द्या. ते कलम लिहिताना सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं, तरी लिहा. आमचं पहिलं बोलणं आणि पहिली तुकडी यांत अडीच वर्षं गेली. तुमची तीन गेली तर तुम्ही मागे पडलात असं समजू नका.

दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या पहिल्याच बैठकीत मी विचारलं, ‘गेल्या वर्षी तुमच्याकडे १६ च्या वर किती जण होते?’ तिकडचे प्राध्यापक एकमेकांकडे बघायला लागले. कॅमेरा बंद ठेवून बसलेलं कुणीतरी म्हणालं, ‘थांबा, बघून सांगते.’ मी नाव विचारून लिहून घेतलं. पुढची सगळी मेल मी त्यांनाच केली.