थकलेल्या बिलासाठी इंग्रजी पत्र कसं लिहावं

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला मराठी कारखानदार दिवसभर गुजराती-हिंदीत काम भागवतो, पण पैसे अडकले की इंग्रजी पत्र लिहायला बसतो. ते पत्र बहुतेक वेळा समोरच्या कंपनीचा मालक वाचत नाही, अकाउंट्समधला माणूस वाचतो. त्याला बिल शोधत बसावं लागलं की पत्र बाजूला पडतं.

म्हणून आधी कागद काढा: पी.ओ. (खरेदीची ऑर्डर), त्यांच्या स्टोअर्सचा सही-शिक्का असलेलं डिलिव्हरी चलन, इन्व्हॉइस. चलनावर सही नसेल तर पत्र थांबवा आणि आधी माल पोचल्याचं लेखी मिळवा.

ईमेलच्या विषयात नुसतं 'रिमाइंडर' किंवा 'अर्जंट' लिहू नका. 'इन्व्हॉइस ११२, रुपीज १,७७,०००, ड्यू १० जून' असं लिहा. मग मजकूर, तीनच वाक्यांत:

'वी डिलिव्हर्ड ३०० फ्लँजेस अगेन्स्ट युवर पी.ओ. ४५, अँड युवर स्टोअर्स अ‍ॅक्सेप्टेड देम ऑन २६ एप्रिल. इन्व्हॉइस ११२ फॉर रुपीज १,७७,००० वॉज ड्यू ऑन १० जून. प्लीज पे इट बाय फ्रायडे, २० जून, ऑर टेल अस द डेट ऑन व्हिच यू विल पे.'

शेवटचा तुकडा मोलाचा आहे. पैसे आज नसतील तरी तारीख द्यावी लागते, आणि पुढचा फोन त्या तारखेवर करता येतो. 'काइंडली डू द नीडफुल' लिहिलं की नेमकं काय करायचं तेच कळत नाही. 'रिव्हर्ट'ही टाळा, त्याचा खरा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असा आहे. उत्तर हवं असेल तर 'रिप्लाय' म्हणा.

आता चुका. बऱ्याचशा मराठीतूनच येतात, म्हणून लिहिताना डोळ्याला दिसत नाहीत. आपल्या 'पर्यंत'ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. 'शुक्रवारपर्यंत पैसे पाठवा' यात काम एकदाच व्हायचं आहे, तिथे 'बाय फ्रायडे'. 'शुक्रवारपर्यंत वाट पाहू' यात क्रिया चालू राहते, तिथे 'टिल फ्रायडे'. गुजराती 'सुधी'ही दोन्हीकडे चालतं, त्यामुळे 'प्लीज पे टिल फ्रायडे' बडोद्यात सहज लिहिलं जातं. 'पासून'चंही तसंच: 'दोन महिन्यांपासून' म्हणजे 'फॉर टू मंथ्स', '१० जूनपासून' म्हणजे 'सिन्स १० जून'. कालावधी मोजला की 'फॉर', सुरुवात सांगितली की 'सिन्स'.

'काल पाठवलं आहे' हे मराठीत बरोबर, पण 'वी हॅव सेंट इट येस्टरडे' चूक. नेमका दिवस आला की 'वी सेंट इट येस्टरडे'. 'रिक्वेस्ट' क्रियापद असेल तर पुढे 'फॉर' नको, आणि 'डिस्कस'पुढे 'अबाउट' कधीच नको.

पहिल्या पत्रात कायदा काढू नका. संबंध तुटायला ते पुरेसं होतं. दुसऱ्या पत्रात मात्र जरूर काढा. तुमचा कारखाना सरकारच्या उद्यम नोंदणीत सूक्ष्म किंवा लघु असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्याने लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. हे एका वाक्यात, धमकीचा सूर न लावता लिहा आणि उद्यम प्रमाणपत्र जोडा. 'अदरवाइज वी विल सी यू इन कोर्ट' असलं काही लिहू नका. ते वाचल्यावर फाईल अकाउंट्सकडून वकिलाकडे जाते आणि तिथे महिने मोडतात.

पाठवताना इन्व्हॉइस आणि चलन एकाच पीडीएफमध्ये जोडा, खाते क्रमांक आणि आयएफएससी सहीखाली टाका. आणि पाठवण्याआधी पत्र एकदा मोठ्याने वाचा, आकडे बोट ठेवून: १,७७,००० चे १,७१,००० झाले तर नव्याने पत्र पाठवावं लागेल, आणि तोवर त्यांच्या पेमेंटचा दिवस निघून गेलेला असेल.