शाळेने काढलं, दप्तर तपासलं, तर कागद कसा करायचा

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात माझं टेबल आवक-जावकचं. पालक तावातावाने यायचे, "भाऊसाहेब, पोराला शाळेतून काढलं." मी विचारायचो, कागद कुठाय? कागद नसायचा. तोंडी भांडण जिन्यावरच विरतं, हे नोकरीभर बघितलं.

म्हणून 'उद्यापासून पाठवू नका' असं शाळेने सांगितलं, की त्याच संध्याकाळी मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा: आज अमुक सरांनी असं सांगितलं, हे कोणत्या नियमाने, ते लेखी कळवावं. दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घ्या. लिपिकाने हात वर केले तर स्पीड पोस्टने पाठवा. पावती म्हणजे पाठवल्याचा पुरावा.

'कोणत्या नियमाने' हे दोन शब्द गाळू नका. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 16: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करायची मुभा आली, हाकलायची नाही. कलम 17 ने मार आणि मानसिक छळ दोन्ही बंद. थकलेल्या फीवरून भर वर्गात उभं करणं मी तरी छळातच धरतो. (2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही, तेवढं आधी बघून घ्या.)

नववी-दहावीला कलम 16 चा आधार नाही, पण म्हणून शाळा मोकाट नाही. केरळात राष्ट्रगीताला आदराने उभी राहून ते न गाणाऱ्या तीन भावंडांना काढलं होतं; एक दहावीत, एक नववीत, एक पाचवीत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांना परत घ्यायला लावलं. खात्याच्या परिपत्रकामागे कायद्याचं बळ नव्हतं, हे त्यातलं एक मोठं कारण.

झडतीचं बघू. शिक्षक म्हणजे पोलीस नव्हे. दप्तर बघायचंच असेल तर मुलाने स्वतः, ऑफिसात, दोन शिक्षकांसमोर उघडावं, आणि घरी फोन जावा, हे माझं मत. मोबाइल जप्त केला तर चिठ्ठी मागा. आतले मेसेज वाचू देऊ नका. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे 2017 पासून ठरलेलं आहे.

कपडे उतरवून तपासणी केली असेल तर मात्र अर्ज-बिर्ज नंतर. आधी 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा पोलीस ठाणं. जुलै 2025 मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापुरात मासिक पाळी तपासायला मुलींचे कपडे उतरवले, तेव्हा पोक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) गुन्हा दाखल होऊन मुख्याध्यापिकेला अटक झाली. पोक्सोत मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो आणि पोलिसांनी तेव्हा गणवेश घालायचा नसतो. हे ठाण्यात मुद्दाम सांगा.

एरवीची तक्रार गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, शहरात पालिकेच्या शिक्षण विभागाकडे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32 लिहा. तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. पटला नाही तर मुंबईला राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

आणि माफीनामा! सर सांगतात, पोरगं घाबरून लिहितं, आणि पुढे तोच कागद तुमच्यासमोर सरकवला जातो. मुलाला आजच सांगून ठेवा: घडलं तेवढंच लिही, दुसऱ्याने सांगितलेल्या मजकुराखाली सही करू नकोस, आई-बाबांना बोलवा म्हण. लिहून घेतलाच असेल तर दुसऱ्या दिवशी त्याची प्रत मागा, अर्थात लेखी.