जुन्या मोटारसायकलसाठी त्या काळाची चाके आणि टायर कसे निवडावेत

जुनी मोटारसायकल मूळ रूपात आणायला घेतली की सगळे लक्ष इंजिनाकडे आणि टाकीच्या रंगाकडे जाते, आणि टायर अगदी शेवटी, पैसे संपत आले असताना, दुकानात जे शिल्लक असतील ते घातले जातात. रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडने धरणाकडे निघालेल्या जुन्या गाड्या पाहताना हे चटकन लक्षात येते: टाकीवरची सोनेरी रेघ हाताने ओढलेली असते, आणि मागे मात्र आजच्या गाडीचा रुंद, चपटा टायर असतो. लांबून गाडीची ठेवण चाकांवरूनच ठरत असल्यामुळे हा निर्णय रंगाच्याही आधी घ्यावा, असे माझे मत आहे.

सुरुवात टायरपासून न करता रिमपासून करावी. गाडीबरोबर आलेला टायर हा मागच्या मालकाच्या सोयीचा पुरावा असतो, कारखान्याचा नव्हे. रिमवर, बहुधा व्हॉल्व्हच्या भोकाजवळ, माप ठोकलेले असते. माझ्या बुलेटच्या रिमवर गंजाचा इतका थर होता की द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन पंधरा मिनिटे घासल्यावर कुठे ‘डब्ल्यूएम 2-19’ ही अक्षरे वर आली. त्याआधी मी शहाणपणा करून रिमच्या बाहेरच्या कडेवर टेप लावला होता, माप सव्वावीस इंच आले होते आणि अर्धा दिवस मी वीस इंची टायर विचारत फिरलो होतो. रिमचा व्यास टायरची कड जिथे बसते तिथे मोजतात, त्यामुळे बाहेरून तो इंच-सव्वा इंच जास्तच भरतो. ‘डब्ल्यूएम’नंतरचा आकडा रिमच्या रुंदीचा आणि शेवटचा 19 हा इंचांतल्या व्यासाचा असतो. आतल्या बाजूने, कडांच्या मध्ये मोजल्यास डब्ल्यूएम 1 म्हणजे 1.60 इंच, डब्ल्यूएम 2 म्हणजे 1.85 इंच आणि डब्ल्यूएम 3 म्हणजे 2.15 इंच.

रिमवरचे माप त्या मॉडेलच्या मूळ मापाशी जुळते का, हे नंतर तपासावे. त्यासाठी आरसी बुकातले वर्ष, कंपनीचे जुने मॅन्युअल आणि शक्य असल्यास घरातला एखादा जुना फोटो, असे तिन्ही पुरावे जवळ ठेवावेत. 350 सीसी बुलेटला पुढे-मागे 3.25-19 हेच माप असे, म्हणजे टायरची रुंदी 3.25 इंच आणि रिमचा व्यास 19 इंच. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या जावा 250 ला 16 इंची चाके होती, तर त्याच कारखान्यातून पुढे आलेल्या येझदी रोडकिंगला 18 इंची. त्यामुळे एकाच घराण्यातली गाडी म्हणून एकीची चाके दुसरीला लावली की जाणकाराला ते लगेच खटकते. ब्रिटिश गाड्यांच्या जुन्या कागदपत्रांत 26×3.25 असे माप दिसल्यास गोंधळून जाऊ नये. तिथे 26 हा टायरचा बाहेरचा व्यास आहे, आणि आजच्या भाषेत तो टायर 3.25-19 च होय.

रिम फारच सडलेली असेल आणि बदलावीच लागणार असेल, तर चाक उघडण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे स्पोकची संख्या आणि त्यांची गुंफण. फोटो दोन्ही बाजूंनी काढावा. दुसरी, आणि हीच बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) तुलनेत रिम कोणत्या बाजूला किती सरकलेली आहे. हबच्या कडेवर सरळ पट्टी धरून रिमपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. चाक बांधणारा कितीही हुशार असला, तरी हा आकडा त्याला न दिल्यास तो रिम मधोमध बांधतो, आणि मग पुढचे व मागचे चाक एका रेषेत येत नाही.

नागरी वापराच्या बुलेटला क्रोमची पोलादी रिम शोभते, तर लष्करी गाडीला रंगवलेली. ॲल्युमिनियमची चकचकीत रिम वजनाला हलकी असली, तरी अशा गाडीवर ती उपरीच दिसते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे क्रोम प्लेटिंगला रिम देताना एवढेच पाहावे की खड्डे बुजवण्यासाठी पत्रा घासून पातळ केला जात नाही ना. स्पोकना मात्र क्रोम चढवू नये. त्या प्रक्रियेत पोलाद ठिसूळ होऊ शकते. चाक बांधून आल्यावर आऊट (फिरताना होणारी डगमग) काढलेला आहे की नाही, हे रिमजवळ खडू धरून स्वतः पाहावे. डगमग 2 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. 1 मिलिमीटरच्या आत असल्यास उत्तम.

आता टायर. जुन्या इंची टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असते, म्हणून तो उभट आणि गोल दिसतो. 3.25-19 ऐवजी 90/90-19 (रुंदी 90 मिलिमीटर, उंची रुंदीच्या 90 टक्के, रिम 19 इंच) घातल्यास बाहेरच्या व्यासात हिशेबाने अवघा 3 मिलिमीटरचा फरक पडतो, पण रुंदी साडेसात मिलिमीटरने वाढते आणि दिसणे बदलते. 100/90 तर डब्ल्यूएम 2 रिमवर दाबल्यासारखा बसतो, शिवाय चेन आणि मडगार्डला घासण्याचा धोका राहतो. म्हणून इंची माप मिळत असताना मिलिमीटरच्या वाटेला जाऊ नये. नक्षीही पाहावी: त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना पुढे सरळ रेघांचा आणि मागे ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर असे. एव्हॉनचा स्पीडमास्टर पुढे आणि सेफ्टी मायलेज मागे, ही जोडी याचा उत्तम नमुना आहे; भारतीय कंपन्यांच्या रेघांच्या टायरनेही तेच रूप साधते.

रूप जुने असले, तरी रबर नवे हवे. एखाद्या दुकानाच्या माळ्यावर पन्नास वर्षे पडून राहिलेला, कागदही न काढलेला टायर सापडला तर तो दिवाणखान्यात ठेवावा, रस्त्यावर नेऊ नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नवा म्हणून विकत घेऊ नये. पत्र्याच्या शेडमध्ये नाशिकचे दोन-तीन उन्हाळे काढलेल्या टायरची बाजू बोटांनी दुमडून बारीक भेगा दिसतात का, तेही पाहावे.

स्पोकच्या चाकात निपलच्या (रिममध्ये स्पोक आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) भोकांतून हवा निघून जाते, तेव्हा ट्यूब अनिवार्य आहे. ती टायरच्याच मापाची घ्यावी आणि निपलवर रबरी पट्टी नवी घालावी. टायर चढवताना कडेला साबणाचे पाणी लावावे, बाण फिरण्याच्या दिशेनेच ठेवावा आणि हवा मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे भरावी. त्र्यंबकपर्यंत एक सावकाश फेरी मारून आल्यावर, गाडी स्टँडवर घेऊन, पान्याच्या टोकाने एकेक स्पोक हलकेच वाजवावा. ज्याचा आवाज बद्द येईल तो सैल पडलेला आहे, आणि तो त्याच दिवशी आवळून घ्यावा.