एटी टायर घेताना आधी कडेवरचे आकडे वाचा

थार किंवा जिम्नीला ऑल-टेरेन (एटी, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टायर घालताना आपण नक्षीवर भाळतो आणि गोदामात पडून राहिलेला माल गळ्यात पडतो. पैसे देण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून टायरची कड वाचा.

१. ‘डीओटी’च्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ती टायर बनल्याची तारीख: ३२२४ म्हणजे २०२४ मधला ३२वा आठवडा. पूर्ण तारीख बहुधा एकाच बाजूला असते, म्हणून दिसली नाही तर टायर उलटा करायला सांगा. प्रत्येक टायर बघा, एकावरून समाधान मानू नका.

२. मापानंतरचा आकडा टायर किती वजन पेलतो त्याचा कोड. ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो. कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

३. स्टेपनीही त्याच मापाची घ्या. फोर-बाय-फोरमध्ये एक चाक लहान-मोठं झालं की ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो.

रोजचं जाणं-येणं डांबरावर असेल तर एमटीचा (चिखलासाठीच्या मड-टेरेन टायरचा) मोह टाळा, आवाजानेच जीव जातो.

जपा: माप वाढवलं असेल तर दुकानातच स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. मडगार्डला घासत असेल तर तिथेच टायर परत करा.