बार्जवर राहायला जाण्याआधी: फ्रान्सच्या कालव्यांवरच्या संसाराची तयारी

बार्जवर, म्हणजे कालव्यात चालणाऱ्या सपाट तळाच्या रुंद बोटीवर, राहायला जायचं ठरलं की आधी डोक्यात येतात ते दोर, लाइफ जॅकेट आणि लाकडं जाळायचा स्टोव्ह. ही खरेदी शेवटच्या पंधरवड्यातही उरकते. महिनोन्‌महिने खातात ते कागद, म्हणून यादी तिथूनच सुरू करायची. इथे ब्रिटनमधलं, शाळकरी मुलं असलेलं कुटुंब धरलंय. लंडनकडच्या स्लाव-हॅरोला राहून ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्या आपल्या मंडळींनाही हेच नियम लागू.

पहिला प्रश्न व्हिसाचा. 2021 पासून ब्रिटिश पासपोर्टवर शेंगेन देशांमध्ये कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. उन्हाळ्यापुरतं फिरायचं असेल तर तेवढं पुरतं, संसार थाटायचा असेल तर लाँग स्टे व्हिसा हवा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिने अर्ज करता येतो. उत्पन्नाचा पुरावा, आरोग्य विमा आणि फ्रान्समधला राहण्याचा पत्ता लागतो. तरंगत्या घराचा पत्ता कुठला लिहायचा? त्यासाठी एखाद्या बंदराशी आधीच करार करून त्यांचं पत्र हाताशी ठेवावं. व्हिजिटर प्रकारच्या लाँग स्टे व्हिसावर फ्रान्समध्ये नोकरी करता येत नाही, तेव्हा पैशांचा हिशेब ते धरूनच मांडायचा. पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेटही करायचा असतो, आणि सामान लावण्याच्या गडबडीत नेमकं तेच राहून जातं.

मुलांची शाळा लगेच त्याच्या पाठोपाठ. फ्रान्समध्ये 3 ते 16 वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं आहे. 2022 पासून घरी शिकवायला नुसतं कळवून भागत नाही, परवानगी लागते. कुटुंब सतत फिरतं असणं हे परवानगीचं एक मान्य कारण आहे, पण अर्ज 1 मार्च ते 31 मे याच काळात घेतात. सप्टेंबरला शाळा सुरू होते म्हणून ऑगस्टमध्ये हालचाल करणाऱ्याची गाडी चुकलेली असते. मला विचाराल तर पहिलं वर्ष एका गावी बोट बांधून मुलांना तिथल्याच शाळेत घाला. नाव मेरीत, म्हणजे गावच्या नगरपालिकेत नोंदवायचं. लसीकरणाची कार्डं बरोबर लागतात. मुलांना भाषा येते आणि शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या आईबाबांच्याही चार ओळखी होतात. बोट कायम एकाच जागी ठेवून राहणार असाल तर जागेचा रीतसर करार लागतो. शिवाय अशा बोटींना तिथे घरपट्टीही लागू होऊ शकते, हेही गणितात धरा.

आता बोट. सगळं अडतं ते लांबीवर. 1879 च्या फ्रेसिने कायद्याने लॉकचं, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कप्प्याचं, प्रमाण माप ठरलं, 39 मीटर लांब आणि 5.2 मीटर रुंद. पेनिश, म्हणजे जुन्या मालवाहू बार्ज, त्यात जेमतेम बसाव्यात अशाच बांधलेल्या, साधारण साडेअडतीस मीटरच्या. दिसायला ऐसपैस, पण 20 मीटरच्या वर गेलात की चालवायचा परवानाही मोठा आणि बोटीचं तपासणी प्रमाणपत्रही वेगळं. त्यात कॅनाल द्यु मिदीवरची बरीच लॉक 30 मीटरचीच, म्हणजे मोठी पेनिश घेतली तर दक्षिणेचा तो रस्ता बंद. चौघांच्या कुटुंबाला 20 मीटरच्या आतली डच बार्ज भरपूर होते. तिच्यासाठी आयसीसी (इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स) हा बोट चालवायचा परवाना लागतो, त्यावर सेव्नीची नोंद हवी. सेव्नी म्हणजे युरोपातल्या अंतर्गत जलमार्गांचे नियम. त्याची परीक्षा ब्रिटनमध्ये असतानाच देऊन टाका.

बोट बघायला सोन नदीवरच्या सें-जाँ-द-लोनला एक चक्कर टाकावी. विकाऊ बार्ज, गोदी, सुटे भाग, सगळं एकाच गावात मिळतं. रंगरंगोटीवर भाळू नका. बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्या, विमावालेही तो अहवाल मागतात. व्हॅट भरल्याची मूळ पावती ताब्यात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ब्रिटनच्या स्मॉल शिप्स रजिस्टरवर बोट ठेवायला मालकाचं वास्तव्य ब्रिटनमध्ये असावं लागतं. फ्रान्समध्ये स्थायिक व्हायचं तर नोंदणीचा दुसरा मार्ग आधीच बघून ठेवायचा.

मार्ग ठरवताना नकाशाइतकंच कॅलेंडर महत्त्वाचं. सुमारे 6,700 किलोमीटरचे जलमार्ग व्हीएनएफ ही सरकारी संस्था सांभाळते. तिचा विन्येत, म्हणजे टोल, बोटीच्या आकारावर आणि मुदतीवर ठरतो. थंडीत दुरुस्तीसाठी एकेक कालवा बंद ठेवतात. त्याला शोमाज म्हणतात, आणि तारखा आधीच जाहीर होतात. आपण एका बाजूला आणि मुलांची शाळा दुसऱ्या बाजूला असं व्हायला नको. 2022 च्या दुष्काळात पाण्याअभावी भर उन्हाळ्यात काही कालवे बंद करावे लागले होते, तेव्हा पर्यायी मार्ग हवाच. हिवाळ्यातलं बंदर उन्हाळ्यातच ठरवून टाका. बूरगोन्य कालव्यावर 242 किलोमीटरमध्ये 189 लॉक आहेत आणि पुयीचा तीन किलोमीटरहून लांब बोगदा आहे. तिकडे वळण्याआधी, बोगद्यातून जाता यावं म्हणून, सुकाणूची केबिन खाली दुमडते का, तेही बघा.

रोजच्या जगण्यात खरी परीक्षा पाहते ती वीज. बंदरातल्या खांबावर बऱ्याचदा 6 अँपिअरच मिळतात, म्हणजे जेमतेम 1,400 वॅट. ब्रिटिश घरातली किटली एकटीच 3,000 वॅट ओढते. सकाळी चहाला बटण दाबलं की खटका पडतो, फ्रिज बंद, हीटर बंद, आणि खटका बंदराच्या कार्यालयात असेल तर ते उघडेपर्यंत अंगावर गोधडी घेऊन बसायचं. शिट्टीची किटली घ्या आणि गॅसवर ठेवा. ब्रिटनचे गॅस सिलिंडर मात्र तिथे बदलून मिळत नाहीत. फ्रेंच सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि नळी, सगळं नव्याने घ्यावं लागतं. बाहेर ठेवायचा सिलिंडर प्रोपेनचा असू द्या. पारा शून्याला टेकला की ब्युटेनचा गॅस होईनासा होतो आणि सिलिंडर भरलेला असूनही शेगडी विझते.

पाण्यासाठी लांब नळी आणि निरनिराळ्या मापांची तोंडं जवळ असू द्या, दर बंदरावर नळाचा आटा वेगळा. संडासाची टाकी उपसून घ्यायची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. त्या जागा नकाशावर लाल करून ठेवा किंवा सरळ कोरडा संडास बसवा. खासगी बोटीच्या इंजिनाला पांढरं, म्हणजे पूर्ण कर भरलेलं डिझेलच लागतं, कमी कराचं स्वस्तातलं लाल चालत नाही. कालव्याकाठी पंप विरळाच, म्हणून 20 लिटरचे कॅन आणि ते वाहायला हातगाडी.

मुलांसाठी नियम एकच आणि तडजोड नाही: डेकवर पाय ठेवला की लाइफ जॅकेट अंगात. स्टोव्ह असेल तिथे आणि झोपायच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म लावा. रोज संध्याकाळी बोट बांधली की काठावरच्या पाटीवरचा किलोमीटर, कालव्याचं नाव आणि जवळचं गाव फळ्यावर लिहून ठेवा. रात्री 112 ला फोन लावायची वेळ आली तर झाडीतल्या बोटीला घरनंबर नसतो, आणि फळ्यावरचं मोठ्या मुलालाही वाचून दाखवता येतं.

खाण्याचं फार ओझं नको. बेकन, सॉसेज, चेडर ब्रिटनहून नेता येत नाही. 2021 पासून मांस आणि दुधाचे पदार्थ सीमेवर काढून घेतात, चहाची पाकिटं मात्र हवी तितकी न्या. कुत्रा असेल तर पहिल्या प्रवासाला पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तिथे राहायला लागल्यावर फ्रेंच पशुवैद्याकडून त्याचा युरोपीय पासपोर्ट काढा, म्हणजे पुढच्या खेपेचा खर्च वाचतो. सायकली प्रत्येकाला एक, पंक्चरच्या सामानासकट. पाव आणायला त्याच लागतात, आणि गावातली बेकरी बऱ्याचदा सोमवारी बंद असते.

आणि निघायचा मुहूर्त 1 मे धरू नका. त्या दिवशी लॉक बंद असतात. एरवीही बऱ्याच लॉकवर दुपारी जेवणाची सुट्टी असते, तेव्हा बाराच्या ठोक्याला दाराशी पोचलात तर हॉर्न वाजवू नका. दोर बांधा आणि तुम्हीही जेवून घ्या.